धुरपता ठाण्यावर इत्तला देते

मालगुजाराच्या बैठकीची मागची भिंत लिंपता लिंपता धुरपताचा हात थांबला. आत भांडण चाललं होतं, आणि भांडणात तिच्या नवऱ्याचा पाय होता.

"पाय मोडला त्याचा, जीभ नाही मोडली," जागेश्वर पटेल म्हणत होता.

"मंग जीभ का एकटी चालत जाते ठाण्यावर?" हा मालगुजाराचा मुखत्यार, ईश्वरदास. "आठ मैल जायाचं, आठ मैल यायाचं. कोटवार मंजे चालनारा मानूस. सुकरामले द्या कोटवारी."

"सुकराम तुमच्या सायाचा पोरगा, म्हनून?"

"माया साया मंधात कायले आनता?"

"तुमीच आनला, मी फक्त त्याचं नाव काढलं. ठानेदारानं का सांगतलं? लगातार तीन हप्ते इत्तला नाही आली, तर नवा कोटवार. एक हप्ता चुकला. तीन कवा होतात, ते तुमाले येत असंलच."

ईश्वरदासनं उपरणं झटकल्याचा आवाज झाला. "दोन हप्त्यानं पाहू," तो म्हणाला आणि बाहेर पडला. धुरपता भिंतीकडं तोंड करून जोरजोरात लिंपायला लागली. त्या जागी भिंतीला शेणमातीचा असा जाड थर बसला की पुढं कितीतरी दिवस मालगुजारीणबाई विचारायची, हे टेंगूळ कोणी केलं.

चिखलटोल्याचा कोटवार म्हणजे धुरपताचा नवरा. गावात पोर जन्मलं, माणूस मेलं, गुराढोरांत रोग शिरला, कोणी परका माणूस येऊन राहिला, हे सगळं ध्यानात ठेवायचं आणि दर मंगळवारी ठाण्यावर जाऊन सांगायचं. त्याबद्दल सरकारनं चार बांध्या धानाच्या कसायला दिलेल्या. चार बांध्यांवर पाच तोंडं खात होती. कोटवारी गेली की बांध्याही जाणार, आणि नवरा तलावाच्या पाळीवरून घसरून, मांडीला बांबूच्या कामट्या बांधून खाटेवर पडलेला. म्हणजे कोटवारच पडलेला. धुरपता तर नुसती कोटवाराची बायको.

घरी आल्यावर तिनं हातही धुतले नाहीत.

"मी जातो ठाण्यावर," ती म्हणाली.

खाटेवरून तो हसला. ताप होता तरी हसला. "तू? तुले सांगता येते काय?"

"सांगाले का लागते? सारं गाव सांगते."

"तेच तर. ठाण्यात सांगत नाहीत. सांगनं घरी, विहिरीवर. ठाण्यात इत्तला देतात."

"दोघांत फरक का?"

बारा वर्षं तो इत्तला देत होता, पण फरक कोणी विचारला नव्हता. शेवटी म्हणाला, "सांगताना आपन बसतो. इत्तला देताना उभं राहा लागते."

मग शिकवणी सुरू झाली. पायरीच्या खाली थांबायचं, पायरीवर पाय ठेवायचा नाही. काठी डाव्या हातात, सलाम उजव्यानं. आधी गाव, मग कोटवाराचं नाव, मग "इत्तला देतो, हुजूर." त्यानंतर जन्म, त्यानंतर मरण, त्यानंतर ढोरं, त्यानंतर परका माणूस. शेवटी "बाकी खैरियत." मधात एक शब्द जास्तीचा नाही.

जास्तीचा शब्द हीच धुरपताची अडचण. तिला वाटायचं, माणूस मेला तर त्याचं थोडं तरी सांगितलं पाहिजे.

"बोल," तो ठाण्यातला मुन्शी होऊन विचारायचा. "मरन?"

"मरन एक. आपल्या शामकलाची सासू. बिचारी सकाळी चांगली होती, पेज पेली, सुनेले दोन शिव्या देल्या, आन्..."

"हे नाही लागत!"

"शिव्या नाही लागत?"

"मुन्शीले शिव्या नाही लागत. बाई एक, उमर साठ, बुखारानं. संपलं."

"साठ वर्सं जगली आन् इतल्यात संपली?"

धान पाखडताना, चूल सारवताना ती पुटपुटत राहायची. जन्म डाव्या हाताच्या बोटांवर, मरण उजव्या. पाठ चांगला झाला. फक्त एक जागा रिकामी राहिली. "मौजा चिखलटोला, कोटवार..." इथं ती थांबायची, पदर सावरायची आणि पुढं जायची. सासू रुख्मा दारातच बसलेली असायची. सासूसमोर नवऱ्याचं नाव कोण घेणार? तोही त्या जागी खोकायचा. असा तो पाठ तिघांच्या संगनमतानं, मधला दात पडल्यासारखा, पक्का झाला. त्या जागी ठाण्यात काय करायचं, हे कोणाच्या मनातच आलं नाही.

मंगळवारी ती पहाटे निघाली. अंगावर नवऱ्याचा पट्टा, बिल्ला पोटावर. वाट नागझिऱ्याच्या जंगलाच्या कडेनं जायची. जंगल संपलं की धानाच्या बांध्या, मग तिरोड्याकडची सडक, आणि सडकेच्या फाट्यावर ठाणं.

मुन्शी श्यामलाल टेबलावर वाकून लिहीत होता. आणखी दोन-तीन गावचे कोटवार सावलीत बसले होते. बाईनं पट्टा घातलेला पाहून त्यांची बिडी तोंडातच राहिली. धुरपता पायरीखाली थांबली, काठी डाव्या हातात घेतली, सलाम केला.

"मौजा चिखलटोला. कोटवार..." ती थांबली. "इत्तला देतो, हुजूर."

मुन्शीनं मान वर केली. "कोटवार कौन?"

"चिखलटोल्याचे."

"नाम?"

"आमच्या गोवर्धनचे बाबा."

"बाई, गोवर्धन कोण ते मला माहीत नाही. नाम बोल."

तिनं सावलीतल्या दुलीचंदकडं पाहिलं. तो शेजारच्या गावचा कोटवार, घरी येऊन जेवून गेलेला माणूस. "दाजी, तुमी सांगा ना."

"बकाराम, साहेब," दुलीचंद उठून म्हणाला. "हिचा घरवाला. पाय मोडला त्याचा."

"तुला विचारलं का?" मुन्शी म्हणाला. "एका गावची इत्तला दुसऱ्या गावच्यानं दिली, म्हणून मागच्या साली मला साहेबाची बोलणी खावी लागली. जो इत्तला देईल, नाव त्याच्याच मुंह से."

"पन तुमाले तर मालूम आहे, साहेब," धुरपता म्हणाली.

"मला मालूम आहे. बारा वर्षांपासून मालूम आहे. पण रजिस्टरात माझ्या मालूमीचा खाना नाही." माणूस वाईट नव्हता. त्यानं दौतीत टाक बुडवून धरला आणि वाट पाहिली. शाईचा थेंब पडायला आला तेव्हा टाक परत ठेवला. "अगले मंगल को."

डाव्या हातावरचे दोन जन्म आणि उजव्या हातावरची शामकलाची सासू, सगळं जसंच्या तसं घेऊन ती आठ मैल परत आली.

घरी ताप चढला होता. मांडी फुगून कामट्यांच्या बाहेर आली होती. तिनं झालेलं सांगितलं.

"मंग घे नाव," तो डोळे मिटूनच म्हणाला. "मी मरत नाही तेवढ्यानं."

रुख्मा दारातून उठून आत आली. "मरत नाही? तुया मावशीनं रागात एक डाव नाव घेतलं होतं नवऱ्याचं. पुढची दिवारी पाहिली का त्यानं?"

"त्याले साप चावला होता, माय."

"सापाले कोनं सांगतलं?"

रुख्मा सुनेकडं वळली. आवाज उतरवून म्हणाली, "बाई, बांध्या गेल्या तर दुसऱ्याच्या बांधीत रोवना करू. मी अजून वाकतो. पोरगा गेला तर काय करू?"

धुरपताच्या मनातही तीच भीती होती. इतर वेळी तिनं सासूचं ऐकून सोडून दिलं असतं. पण तापात त्याचं अंग विस्तवासारखं लागत होतं, आणि अशा वेळी त्याचं नाव तोंडाबाहेर काढायचं म्हणजे हातानं त्याला उंबऱ्याबाहेर लोटण्यासारखं वाटायचं. तिकडं सुकराम आतापासूनच चार बांध्यांच्या कडेच्या मातीच्या पाऱ्यांवरून फिरत होता. एका पाऱ्यावर तर त्यानं कुदळीनं दोन ढेकळं सारखीही केली. धुरपता विहिरीवरून पाहत होती.

"का पाहून राहिला गा?" तिनं ओरडून विचारलं.

"काही नाही वहिनी. पानी कुठून जाते ते पाहून राहिलो."

"पानी वरून खाली जाते. आता तू बी जा."

तिसरा मंगळवार आला. हा चुकला की संपलं. निघताना तिनं नवऱ्याच्या कपाळाला हात लावला. ताप उतरला नव्हता. भाकरीची पुरचुंडी रुख्मानं स्वतः बांधून दिली, आणि ती देताना दुसरीकडं पाहत होती.

जंगलाच्या कडेला कोणी नव्हतं. धुरपतानं तिथं नाव घेऊन पाहायचं ठरवलं. ओठ मिटले, पहिलं अक्षर ओठांवर आलं, आणि झाडावरून एक होला उडाला तर तिनं दचकून तोंडावर पदर घेतला. पुढं तिनं तो नाद सोडला. स्वतःशी म्हणाली, आठ मैलभर त्याला कशाला मारायचं, मारायचं तर एकदाच.

ठाण्यात त्या दिवशी ठाणेदार साहेब स्वतः बसलेले होते. मुन्शी ताठ होता. कोटवार सावलीत नाही, उन्हात ओळीनं उभे होते. तिची पाळी आली. पायरीखाली थांबली, काठी, सलाम. आणि मग, नवरा दवंडी द्यायचा तशा आवाजात, एका दमात:

"मौजा चिखलटोला. कोटवार बकाराम. इत्तला देतो, हुजूर!"

ठाण्याच्या छपरावरची कबुतरं उडाली. ठाणेदारांनी कागदावरून डोळे वर केले. मुन्शी लिहायला लागला होता.

"जन्म तीन. दोन पोरगे, एक पोरगी. मरन दोन. बाई एक, उमर साठ, बुखारानं. पोरगी एक, उमर दोन, खोकल्यानं. ढोरं चांगली. परका मानूस एक, कोंबड्या विकनारा, दोन दिवस राहून गेला." ती थांबली. इथं "बाकी खैरियत" म्हणायचं होतं. पण डोळ्यांपुढं ती खाट होती. तिनं पुन्हा सलाम केला.

"कोटवार बकाराम जिता आहे. इत्तला देतो, हुजूर. हे बी लिवा."

मुन्शीचा टाक थांबला. "जिंदा का खाना नहीं है, बाई."

"मेल्याचा आहे ना? मंग त्याच्या बाजूले लिवा."

ओळीतलं कोणीतरी फिसकन हसलं. ठाणेदारांनी मुन्शीला काहीतरी खुणावलं. मुन्शीनं कोपऱ्यात चार अक्षरं काढली. खरंच तेच लिहिलं, की शाई वाळली का ते पाहिलं, हे त्याचं त्याला ठाऊक. धुरपताला वाचता येत नव्हतं. तिला कागदावर काळं झालेलं दिसलं, तेवढं पुरलं.

"बाकी?" मुन्शीनं विचारलं.

"बाकी खैरियत."

परतीच्या वाटेवर ती कुठं बसली नाही. पुरचुंडी तशीच राहिली. अंगणात पोचली तर रुख्मा दारात, आणि आतून शिव्या ऐकू येत होत्या. हाड बसवणाऱ्यानं कामट्या सोडून मांडीतला पू काढला होता, आणि बकाराम त्या माणसाच्या सात पिढ्यांची चौकशी करत होता. धुरपता उंबऱ्यावर बसली आणि तिथंच बसल्या बसल्या पुरचुंडी सोडून भाकर खायला लागली. रुख्मानं तिच्यापुढं पाण्याचा लोटा आणून ठेवला. "घेतलं?" तिनं हळूच विचारलं. धुरपतानं मान डोलावली.

ताप महिनाभरानं गेला. पाय मात्र आखूड राहिला, आठ मैलांच्या कामाचा उरला नाही. सुकराम रुसून गोंदियाला रेल्वेच्या मालधक्क्यावर हमालीला लागला. कागदावर कोटवार बकाराम, चालणारी धुरपता, अशी ती कोटवारी चालत राहिली. दवंडी तो खाटेवरून द्यायचा. आवाज अख्ख्या टोल्याला पुरायचा.

पहिल्या जर्मन लढाईच्या शेवटी मोठा बुखार आला. एका मंगळवारी तिच्या उजव्या हाताची बोटं संपली, डाव्याची संपली, पुन्हा उजव्यावर यावं लागलं. त्यात रुख्माचं नाव होतं. सासूचं नाव घेणंही तसं बरं नव्हे, पण तिनं ते इतर नावांसारखंच घेतलं. उमर पासष्ट, बुखारानं. मुन्शी बदलले, ठाणेदार बदलले. श्यामलाल पेन्शनीत गेला तेव्हा नव्या मुन्शीला सांगून गेला म्हणे, की चिखलटोल्याची बाई शेवटी जे सांगते ते लिहून घेत जा, वाद घालू नको. कारण दर मंगळवारी ती ते सांगायचीच.

घरी मात्र तिनं नाव कधी घेतलं नाही. बकाराम चिडवायचा, "आठ मैल जाऊन माया नावानं बोंबलते, अन् घरी म्हनते, आयकता का!"

"ठाण्यात मी कोटवार असतो," ती म्हणायची. "घरी भाकर कोन टाकंल?"

म्हातारपणी दोघांचं असंच चालायचं. गोवर्धनचं लग्न झालं, सून आली, गुडघे दुखायला लागले तरी मंगळवार तिनं दुसऱ्याला दिला नाही.

स्वराज्य यायच्या आदल्या वर्षी, धान पोटरीत होतं तेव्हा, ती नेहमीसारखी निघाली. जंगलाकडून गेली, मधल्या नाल्यात पाय धुतले. ठाण्याच्या पायरीखाली थांबली. काठी डाव्या हातात, सलाम उजव्यानं. मौजा चिखलटोला, कोटवार बकाराम, इत्तला देतो, हुजूर. जन्म एक, पोरगा. मरण नाही. ढोरांत खुरी, तीन बैल. परका माणूस नाही. कोटवार बकाराम जिता आहे. बाकी खैरियत. मुन्शीनं लिहिलं. मग ती फाट्यावरच्या दुकानात गेली, पुडीभर मीठ घेतलं, नवऱ्यासाठी तंबाखू घेतली, तंबाखू ओली आहे म्हणून दुकानदाराशी थोडं भांडली, बदलून घेतली, आणि ऊन उतरायच्या आत घरी पोचली.