आईची पाळी थांबली तेव्हा

मैत्रिणींनो, तुम्ही आपल्या आईला रिकामं बसलेलं कधी पाहिलं होतं? आज दिवसभर हेच मनात आहे.

सकाळी लेकीला घेऊन हिंगोलीत डॉक्टरबाईंकडं गेले. लेक बेचाळीसची. पाळीचा भरवसा नाही, झोप नाही, सारखी चिडचिड.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "तपासण्या करूच. पण वर्षानुवर्षं ताण असला की हार्मोन्सही बिघडतात. घरी काही तकलीफ?"

लेक म्हणाली, "न्हाई. सगळ्याच बायकांना असते तेवढीच."

मला बहात्तरचा दुष्काळ आठवला. चाळिशीही न गाठलेली माझी आई कनेरगाव नाक्याजवळ रस्त्याच्या कामावर दिवसभर खडी फोडायची. घरी आल्यावर पाणी, चूल, आम्ही लेकरं. पाळी आली की मात्र चार दिवस बाहेर बसायची. चुलीला, पाण्याला हात लावायचा नाही. त्या विटाळाची मला आजही चीड आहे. पण आईची पाठ भिंतीला टेकलेली मी तेव्हाच पाहिली.

त्याच वर्षी तिची पाळी थांबली. आजी खूश. "सुटलीस बाई! आता घरात खोळंबा न्हाई." काहून थांबली, हे कुणीच विचारलं नाही. आईचं बसणं तेवढं गेलं.

आज दवाखान्यातून परतल्यावर लेक थेट स्वयंपाकघराकडं निघाली. मी तिचा हात धरला.

"चार दिवस बाहेर बस."

"अगं आई, पाळी कुठं आलीय?"

"म्हणूनच म्हणते."