मेहरुन मॅडमचे दुपारचे तास

मेहरुन मॅडम बसल्या बसल्या झोपत. शिक्षकांच्या खोलीत खिडकीजवळची ताठ पाठीची लाकडी खुर्ची त्यांनी कायमची धरून ठेवली होती. मधल्या सुट्टीत डबा झाला की डोक्यावरची ओढणी सारखी करायच्या, हात मांडीवर ठेवायच्या आणि डोळे मिटायच्या. मान पडायची नाही, तोंड उघडायचं नाही. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई विचार करत बसल्या आहेत. घंटा झाली की त्याच हातांनी खडू-डस्टर उचलून चालू लागायच्या. मी नवा होतो तेव्हा एकदा न राहवून विचारलं, "मॅडम, झोप लागली होती?"

"नाही हो सर," त्या म्हणाल्या, "डोळे जरा घरी जाऊन आले."

त्यांचं घर नाट्याला, राजापूरच्या किनाऱ्यावर. नवरा बोटीवर खलाशी, वर्षातले बरेच महिने समुद्रात. मुलगा शिकून आखातात गेलेला. घरी म्हातारी सासू आणि तिच्या सोबतीला नणंद. मॅडम मात्र आमच्या शाळेच्या आवारातल्या दोन खोल्यांत राहायच्या, कारण त्या मराठी शिकवायच्या आणि मुलींच्या वसतिगृहाचंही बघायच्या. निवासी शाळेत शिक्षकाचा दिवस संपत नाही. तास संपले की अभ्यासिका, अभ्यासिका संपली की जेवणघर, जेवणघर संपलं की कुणाचा तरी ताप किंवा कुणाचं तरी रडं. मी कोल्हापूरकडून आलो होतो, विज्ञान शिकवायला. पहिल्या सहा महिन्यांतच माझ्या अंगात मुरलेला शीण अजून पुरता गेलेला नाही.

शाळा रत्नागिरीच्या बाहेर, सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाळावर. आजूबाजूला काळपट जांभा, वाळलेलं गवत आणि खाली समुद्र. वारा एवढा की फळ्यावरचे कागद टाचणीनं टोचून ठेवावे लागत. शाळा द्विभाषिक होती. सकाळचे तास इंग्रजीत आणि दुपारचे मराठीत, मग विषय कुठलाही असो. मुलं आखातातल्या कोकणी कुटुंबांची, मुंबई-पुण्याची, दोन-चार नैरोबीची, एक मुलगा कोरियाचा. दुपारी प्रकाशाचं परावर्तन मराठीत शिकवताना मीच अडखळायचो. मॅडम मागच्या बाकावर येऊन बसायच्या आणि मला शब्द पुरवायच्या.

मुलांना त्या एकच सांगत. "चुकीचं बोल, पण बोल. चुकलेलं मी दुरुस्त करीन. न बोललेलं कुठून दुरुस्त करू?" कोरियाचा मुलगा "माझी बाबा आला" म्हणाला तर त्या आधी त्याचा बाबा कुठून आला, काय घेऊन आला ते सगळं ऐकून घेत आणि मग शेवटी म्हणत, "आला ना? मग 'माझे बाबा आले'. मोठ्या माणसाला मान द्यायचा आणि बाबाला बाई करायचं नाही." वर्ग हसे, तोही हसे.

त्या स्वतः वर्गात चोख प्रमाण मराठी बोलायच्या. दिवस कलला, शीण चढला की मात्र त्यांच्या बोलण्यातला ळ हळूच नाहीसा व्हायचा. "कंटाला आला रे सुहास," त्या म्हणायच्या. तोवर मी 'सर'चा 'सुहास' झालेला असे. मग आम्ही दोघं जेवणघराच्या मागच्या पायरीवर बसून कोरा चहा प्यायचो. एकदा मी राजीनामा लिहून खिशात घेऊनच बसलो होतो. त्यांना ते कसं कळलं कोण जाणे. म्हणाल्या, "आज देऊ नको. दमलेल्या माणसानं निर्णय घेतला, की तो दमण्याचा निर्णय असतो, माणसाचा नसतो. रविवारी दे." रविवारी मी बारा तास झोपलो आणि द्यायचं राहून गेलं.

सना आठवीत आली. तिचे वडील आखातात एका गोदामात काम करायचे, आईही तिकडेच होती. मूळ गाव नाट्यापासून फार लांब नाही. घरी बोलायची ती आपली कोकणी मुसलमानांची बोली, शाळेत शिकलेलं इंग्रजी आणि बाकी काही नाही. पहिल्याच आठवड्यात दुपारच्या तासाला कुणीतरी काहीतरी विचारलं आणि ती म्हणाली, "मना ठाव नाय." वर्ग खो खो हसला. मुंबईच्या मुलांना ते फारच गमतीचं वाटलं. त्यांनी दोन दिवस "मना, मना" करून तिला हैराण केलं.

मॅडमनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. सबंध तास त्या नाट्याच्या बोलीत बोलल्या. घरी सासू कशी रागावते, मासेवालीशी भाव कसा होतो, पोरं कशी भांडतात, सगळं. वर्ग हसला, मग ऐकू लागला, मग विचारू लागला. शेवटी त्या म्हणाल्या, "हे माझ्या घरातलं बोलणं. हसायचं असेल तर इथून पुढं माझ्यावर हसा."

मुलं हसायची थांबली, पण सना बोलायची ती थांबलीच. दुपारच्या तासाला ती हात वर करायची आणि विचारायची, "मॅम, मे आय आन्सर इन इंग्लिश?" मॅडम एकदाही नाही म्हणाल्या नाहीत. मला वाटायचं, त्यांनी जरा आग्रह धरायला हवा. त्या म्हणायच्या, "झाकलेलं दार आहे रे ते. बाहेरून ढकललं की आतला माणूस आणखी जोर लावतो."

असं जवळजवळ वर्ष गेलं.

एका सकाळी, तिसरा तास चालू असताना, प्राचार्यांनी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. सनाच्या काकांचा मुंबईहून फोन आला होता. तिचे वडील कामावर असतानाच कोसळले आणि गेले. आई मयत घेऊन येणार होती, त्याला दोन-तीन दिवस लागणार होते. काका गाडी घेऊन निघाले होते, तिला गावी न्यायला. पण त्यांनी फोनवरच सांगितलं होतं, "माझ्याच्यानं व्हायचं नाही. पोरीला तुम्हीच सांगून ठेवा."

प्राचार्य भला माणूस. त्यांचा चेहरा पडला होता. त्यांनी पुण्याच्या समुपदेशक बाईंना फोन लावून ठेवला होता. त्या इंग्रजीत, नीट, ठरलेल्या पद्धतीनं सांगतील, आपण शेजारी बसू, असं त्यांचं म्हणणं.

"मी सांगते," मेहरुन मॅडम म्हणाल्या. "आणि घरच्या बोलीत सांगते."

"पण मॅडम, ती तर इंग्रजीतच—"

"शाळेत, सर. तिचे वडील तिच्याशी इंग्रजीत बोलत नव्हते. इंग्रजीत सांगितलंत तर पोरीला वाटेल, दुसऱ्याच कुणाचा बाप गेला."

 प्राचार्यांनी फोन ठेवून दिला.

ग्रंथालयाच्या मागे काजूचं झाड आहे, त्याखाली जांभ्याचा एक कट्टा. मॅडम तिला तिथं घेऊन गेल्या. माझ्याकडे काम होतं ते एवढंच की त्या बाजूला कुठलं मूल फिरकू द्यायचं नाही. मी कोपऱ्यावर उभा राहिलो. मला ऐकायचं नव्हतं, पण वारा त्या बाजूनं होता.

"सना, बाला, माज्याजवल सरक." ती सरकल्याचा आवाज आला. "तुज्या काकांचा फोन आलाता. तुजे अब्बा गेले, बाला. कामावर व्हते, तिथंच गेले. आई येतेय. अब्बांना घेऊन येतेय."

 रडणं येईल असं वाटलं, ते आलं नाही. मग सनाचा आवाज आला, बारीक आणि कोरडा.

"कवा?"

त्या पहिल्या आठवड्यानंतर मी तिच्या तोंडून ऐकलेला घरचा पहिला शब्द तो. मॅडमनी सांगितलं, सकाळी. मग तिनं विचारलं, दुखलं का त्यांना. मॅडम म्हणाल्या, "ते मना ठाव नाय. जे ठाव नाय ते मी तुला खोटं सांगायची नाय." आणि तेव्हा कुठं ती रडली.

काका यायला बराच वेळ होता. तेवढा वेळ त्या दोघी तिथंच होत्या. जेवणघरातून पाठवलेलं जेवण तसंच परत आलं. गाडी आली तेव्हा मॅडमही तिच्याबरोबर गेल्या आणि मातीला थांबूनच परतल्या. नाटं तिथून जवळ होतं, पण घरी वळायचंही त्यांना सुचलं नव्हतं. आल्या त्या दिवशी दुपारी त्यांचे दोन तास होते. दोन्ही घेतले.

सना महिन्याभरानं शाळेत परतली. आई आता गावीच राहणार होती. दुपारच्या तासाला सना मराठीत बोलू लागली, मोडकं तोडकं, अर्धं घरचं आणि अर्धं पुस्तकातलं. कुणी हसलं नाही.

त्याच वर्षाच्या शेवटी संस्थेच्या मंडळानं प्रस्ताव आणला की दुपारचे तासही इंग्रजीतच घ्यायचे. मराठी एक विषय म्हणून राहील, आठवड्यातून थोडे तास. पालकांचीच तशी मागणी होती, पुढच्या प्रवेशपरीक्षा सगळ्या इंग्रजीत. पण निर्णयाआधी पालकांची सभा घ्यायची आणि दोन्ही बाजू ऐकायच्या असं प्राचार्यांनी मंडळाकडून कबूल करून घेतलं. त्यांच्या मनातून दुपारचं मराठी राहायला हवं होतं. सभेच्या आदल्या दिवशी त्यांनी मॅडमना बोलावलं. मीही होतो.

"मॅडम, तुम्ही बोला. आणि ती काजूच्या झाडाखालची गोष्ट सांगा. नाव घेऊ नका. पण ती ऐकल्यावर एकही पालक विरोधात हात वर करणार नाही."

 मॅडम म्हणाल्या, "नाव न घेता? ती कोण हे सबंध शाळेला ठाऊक आहे, सर."

"चांगल्या कामासाठीच सांगायची आहे."

"ते खरं. पण ती गोष्ट माझी नाही. त्या पोरीची आहे."

सभेला सभागृह भरलं होतं. तिसऱ्या रांगेत, कडेला, सनाची आई बसली होती, काळ्या बुरख्यात, हात एकमेकांत गुंतवून. मॅडम उभ्या राहिल्या. त्यांना भाषण करता येत नसे. म्हणाल्या, "माझं म्हणणं थोडकंच आहे. मुलांना इंग्रजी यायलाच हवं. सकाळी ते येतंच आहे. दुपारी ती मराठीत भांडतात, शंका विचारतात, चुकतात. तेवढं त्यांच्याकडे राहू द्यावं."

एक गृहस्थ उठले. उद्धट नव्हते, घाईत होते. "मॅडम, तुमच्या भावना कळतात. पण साधा प्रश्न आहे. याचा नेमका उपयोग काय? एखादं उदाहरण द्याल?"

मॅडमनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. सनाची आई मान खाली घालून बसली होती. मी मनात म्हणत होतो, सांगा, आता तरी सांगा.

"उपयोग असतो," मॅडम म्हणाल्या. "पण ज्याचा त्याला. मला तो इथं सांगता यायचा नाही." आणि खाली बसल्या.

हात वर झाले. प्रस्ताव मोठ्या बहुमतानं पास झाला. प्राचार्यांनी कागदावरून नजर वर केली नाही.

लोक चहाकडे वळले तेव्हा सनाची आई मॅडमजवळ आली.  मॅडमचा हात दोन्ही हातांत धरून उभी राहिली, मागून येणाऱ्यांची वाट अडेपर्यंत. मी मात्र पायरीवर बसल्यावर चिडून म्हणालो, "एक गोष्ट सांगितली असती तर वाचलं असतं सगळं."

"वाचलं असतं," त्या म्हणाल्या. "आणि उद्या पोर वर्गात बसली असती, तर प्रत्येकानं तिच्याकडे वळून बघितलं असतं. कुणाचं रडणं दाखवून मी माझे तास वाचवू? नको रे. दमले मी, पण एवढी नाय."

त्यांना वसतिगृहाचं पूर्णवेळ काम देऊ केलं होतं. त्यांनी वर्ष पुरं केलं, उत्तरपत्रिका तपासल्या आणि राजीनामा दिला. निरोप समारंभ नको म्हणाल्या. एका ट्रंकेत आणि दोन पिशव्यांत त्यांचं सामान मावलं. मी त्यांना एसटी स्टँडवर सोडलं. राजापूरची गाडी उशिरा आली. खिडकीतून त्या म्हणाल्या, "नववीचा तो कोरियाचा पोरगा र्‍हस्व-दीर्घाला घाबरतो. त्याच्यावर ओरडू नको म्हणावं नव्या माणसाला." गाडी सुटली.

मे संपता संपता मी नाट्याला गेलो. घर शोधत आलो तो आधी आवाज ऐकू आला. ओट्यावर कापड पसरून अख्खा फणस ठेवला होता आणि दोघी जणी तारस्वरात भांडत होत्या. एक मॅडम, आणि दुसरी सना. आईबरोबर दोन दिवसांसाठी आली होती. भांडण फणस कापा की बरका, म्हणजे घट्ट गऱ्याचा की लिबलिबीत, यावर होतं. सना हातवारे करत इतकं भराभर बोलत होती की मला निम्मं कळेना. मॅडम तिला एक वाक्य पुरं करू देत नव्हत्या, तीही त्यांना देत नव्हती. आतून सनाची आई आणि म्हातारी सासू हसत होत्या. मॅडमचा चेहरा मला ओळखू येईना. इतका विसावलेला मी तो कधी पाहिलाच नव्हता.

मला पाहून सना उठली, हात पुसत, एकदम शाळेतली झाली. "गुड आफ्टरनून सर." मग तिनं विचारलं, "सर, दुपारचे तास आता खरंच इंग्रजीत?"

"हो. शाळा उघडली की."

तिनं मॅडमकडे पाहिलं. मॅडम एव्हाना फणस फोडून गरे काढत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. सनानं जरा विचार केला.

"चालंल," ती म्हणाली. "मी मधल्या सुट्टीत बोलंन."

मॅडमनी गऱ्यांची ताटली माझ्यापुढे सरकवली. फणस बरका निघाला होता. मी मुकाट्यानं खाल्ला आणि परतीची गाडी धरली. दोन दिवसांनी शाळा उघडणार होती.