सुईवाल्या बाई

नव्या पेशंटला सुई लावण्याआधी बाई एक सुई स्वतःच्या हाताला लावून घ्यायच्या. तिला मशीनची वायर जोडायच्या, बटण फिरवायच्या आणि बोटं टकटक उडायला लागली की हसायच्या. "बघा, मी मेले नाय. आता तुमची पाळी." बोईसरजवळच्या सरावलीतल्या त्यांच्या एका खोलीत पाठदुखीचे, मानदुखीचे कामगार ओळीनं बसलेले असत. बाईंचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. सगळ्यांच्या त्या सुईवाल्या बाई.

केळव्याला पानवेलीच्या वाडीत माझी आई कोसळली. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरलं फक्त एक "हां". मी तिला बोईसरला माझ्याकडे आणलं. व्यायामाच्या जोडीनं ॲक्युपंक्चरच्या सुयांतून करंट देऊन बघा, असं डॉक्टर म्हणाले, आणि बाई दिवसाआड संध्याकाळी घरी येऊ लागल्या.

"बाई, आई बोलेल ना?" मी दर वेळी विचारायची.

"कबूल नाय करणार मी. हात तिचा चांगला हाय, हाताला सांगणारी मेंदूतली जागा गेलीय. बाकीच्या जागांनी आता एकमेकींशी संधान बांधायला हवं. आमी इथून हाका मारतो. ओ देतील, नायतर नाय देणार."

आईशी मात्र त्या अखंड बोलायच्या. शिरगावच्या आपल्या घराबद्दल, भावाच्या भांडकुदळ कोंबड्याबद्दल. मध्येच प्रश्न विचारून थांबायच्या. आईच्या तोंडून "हां" यायला कधी कधी दोन मिनिटं लागत. तोवर बाई गप्प. मी आईच्या वतीनं उत्तर द्यायला गेले की डोळे मोठे करायच्या.

मुंबईच्या एका हॉस्पिटलात अशा पेशंटच्या मेंदूचं स्कॅन करत होते, उपचाराआधी आणि नंतर. पहिली सुई लावण्याआधीच बाईंनी तिथं आईचं नाव दिलं होतं. दुसऱ्या स्कॅननंतर तिथल्या डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं, मेंदूच्या दोन्ही बाजूंमधला ताळमेळ थोडा वाढला होता. मी तिथंच रडले. परतताना बाई म्हणाल्या, "नकाशात रस्ता दिसला म्हणून एसटी सुरू होत नाय, बाय." मला त्यांचा राग आला.

पुढं हात काही हलला नाही. आई बाईंचा सुयांचा डबा बघितला की डोळ्यांत पाणी आणायला लागली, डाव्या हातानं उजवा हात पदराखाली लपवायला लागली. एका संध्याकाळी बाईंनी डबा उघडलाच नाही.

"ती नको म्हणतेय."

"तिला बोलता कुठं येतंय!"

"बोलता येत नाय. नको म्हणता येतं."

मी काय काय बोलले ते सगळं आजही लिहवत नाही. रिपोर्ट चांगला आलाय आणि तुम्ही हात झटकताय. इतके दिवस माझ्या आईला नुसतं टोचत होतात का. पुन्हा या घरात येऊ नका. बाईंनी वायरी गुंडाळल्या, आईच्या गालावरून हात फिरवला, म्हणाल्या, "येते हां गो." आई लगेच म्हणाली, "हां." इतक्या लवकर ती कधीच बोलली नव्हती.

मी पालघरहून दुसरा माणूस आणला. तो न बोलता सुया लावायचा, आणि मी आईचा डावा हात दाबून धरायची. महिनाभर. रोज रडायची ती. मग दुसरा झटका आला आणि ती गेली.

त्या महिन्यात मी आईचं काय केलं, ते कळायला मला वर्ष लागलं. कळलं तेव्हा सरावलीला गेले, तर खोलीत दुसरं बिऱ्हाड होतं. शिरगावला घर शोधलं. ओट्यावर बाईंचे थोरले भाऊ बसले होते. त्यांनी सांगितलं, बाई सहा महिन्यांपूर्वी गेल्या, पोटाचा कर्करोग. पेशंटपैकी कुणालाच कळवायचं नाही, असं बजावून गेल्या.

"तुमी कोण?"

"त्यांच्या पेशंटची मुलगी. मी त्यांना फार वाईट बोलले होते."

"पेशंटच्या घरच्यांना रागवायला कोण तरी लागतं, असं म्हणायची ती. बसा."

त्यांनी चहा आणला. मी म्हटलं, "काका, मला माफी मागायची होती."

"आता कोणाकडं मागशील, बाय?" ते म्हणाले, आणि कप माझ्या हातात दिला.