बुडबुड्याची फुलदाणी

स्टॉकहोमहून आलेल्या माणसांवर एव्हर्ट ब्रोमानचा विश्वास नव्हता, आणि गुनेल तर तिथूनच येऊन कागदावर फुलदाण्या काढायची. स्मोलँडच्या जंगलातल्या त्या काचकारखान्यात एव्हर्ट पोरवयापासून फुंकणी फुंकत आलेला. एकोणीसशे छप्पन साली पेन्सिलवालीने येऊन त्याला आकार शिकवायचे, हे काही त्याच्या पचनी पडत नव्हतं.

त्यात एका शनिवारी त्याने तिला रंगेहाथ पकडलं. भंगाराच्या पेटीतून त्याची फुलदाणी काढून ती रुमालात गुंडाळत होती. तीच फुलदाणी, जिच्या पोटात बुडबुडा राहिला होता. वितळलेल्या काचेचा दुसरा थर घेताना त्याचा हात हलला आणि मध्ये हवा अडकली. हात हलल्याचं त्याने बायकोला, टायरालाही सांगितलं नव्हतं. आता सांगावं लागलं.

"पुरावा गोळा करतेय ती. ऑफिसात दाखवेल, म्हातारा थरथरतो म्हणून. मग मी बसतो घरी लाकडं फोडत."

"आवडली असेल रे तिला," टायरा म्हणाली.

"डागाळलेली? शहरातल्या बाईला?"

तेव्हापासून कॉफीच्या सुट्टीत तो गुनेलकडे पाठ करून बसू लागला. ती गोड बोलली की संशय दुप्पट. एका संध्याकाळी भट्टीच्या धगीवर हेरिंग मासे भाजले, तेव्हा तिने मोठा तुकडा त्याला वाढला. तोही त्याने हुंगूनच खाल्ला.

शेवटी एके दिवशी तिने ती फुलदाणी सगळ्यांसमोर त्याच्या बाकावर ठेवली.

"मास्तर, माझी चित्रं नुसती सरळसोट. जीव आहे तो हिच्यात. अशीच अजून एक कराल?"

हा सापळाच, असं समजून त्याने फुंकणी उचलली. पहिली बिनडाग निघाली. दुसरीही. मुद्दाम ढिलाई करायला गेला, तर हात ऐकेनात. गुनेलचं तोंड उतरत गेलं आणि एव्हर्टचे डोळे भरून आले. हात शाबूत होते.

"नाही जमत, बाई," तो म्हणाला. हे वाक्य इतक्या आनंदाने त्या कारखान्यात कुणी म्हटलं नसेल.

गुनेलने ती फुलदाणी त्यालाच देऊन टाकली. पुढे तो निवृत्त झाल्यावर रस्त्याने जाणारे लोक मोटार थांबवून खिडकीतल्या फुलदाणीकडे बघत राहायचे, विकता का म्हणून विचारायचे. एव्हर्ट पडदा ओढून घ्यायचा.

"चूक बघायला येतात मेले," तो टायराला सांगायचा.