रिकाम्या खुर्चीला खूण

आरिओस्तोचं आयुष्य सांगायला फार वेळ लागत नाही. ग्वालेग्वाय गावाच्या वेशीवर त्याने ट्रकच्या टायरांची पंक्चरं काढली, लग्न केलं नाही, आणि रोज दुपारी आमच्या क्लबात एबेरसमोर बसून त्रुको हा पत्त्यांचा डाव खेळला. क्लबाची कँटीन मी चालवते, तेव्हा हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

त्रुकोत जोडीदार समोरासमोर बसतात आणि चेहऱ्याने एकमेकांना पानं सांगतात. त्याला कुणी चोरी म्हणत नाही, खेळच तो आहे. फक्त दुसऱ्या जोडीने खूण पकडता कामा नये. तलवारीचा एक्का, म्हणजे सगळ्यात भारी पान, आला की भुवया वर. आरिओस्तोच्या भुवया तरुणपणी कुणालाच दिसायच्या नाहीत, एबेर सोडून. आता वयाने त्या जड झाल्या होत्या, हलल्या की कुणालाही दिसायच्या.

मग गुरांचा डॉक्टर गास्पार पोकर घेऊन आला. पोकरमध्ये जो तो आपल्यापुरता. हे दोघे मात्र सवयीने समोरासमोरच बसले. एका डावात आरिओस्तोच्या भुवया वर गेल्या आणि एबेरने हातातली चांगली पानं टाकून डाव सोडला. गास्पारने ते पाहिलं.

"काका, तुमचं दोघांचं संगनमत आहे."

"माझं? अरे, कपाळावर माशी बसली असेल."

"माझ्या कँटीनमध्ये माश्या नाहीत," मी म्हणाले. गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं?

"लबाडाला या क्लबात जागा नाही," गास्पार म्हणाला.

सगळे एबेरकडे बघायला लागले. एबेर उठला, टोपी घातली. "मला विचारू नका. त्याने काय केलं ते त्याचं त्याला ठाऊक," म्हणाला आणि चालता झाला.

मला त्याचा मनस्वी संताप आला. जन्माचा जोडीदार, आणि 'सवय आहे हो त्याची' एवढंही तोंडातून निघालं नाही.

आरिओस्तोचा चेहरा उतरला. क्लब सुटला तर घरी त्याची वाट बघणारं कुणी नव्हतं. "एक डाव खेळू दे, गास्पार. मग जातो."

गास्पार तसा वाईट माणूस नाही. त्याने पत्ते पिसून वाटले.

आरिओस्तोने पानांचे कोपरे उचलून पाहिले. आणि एबेरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघताना त्याच्या भुवया वर गेल्या.

गास्पारने पानं टाकली. मग बाकीच्यांनीही टाकली.

"काय झालं रे सगळ्यांना?"

"तुमच्याकडे एक्का आहे, काका. बसा. कुठे जायचं नाही."

आरिओस्तोने पान उलटून बघितलं. एक्काच होता. "तुला कुणी सांगितलं?" त्याने खरोखरच विचारलं.

माझा राग काही गेला नव्हता. मी एबेरची खुर्ची ओढली आणि भिंतीला लावून टाकली. आरिओस्तो उठला, खुर्ची उचलली आणि पुन्हा आपल्या समोर आणून ठेवली.

"राहू दे तिथेच," तो म्हणाला. "येईल तो."