डॉक्टरीणबाईंचं कपाळ

अर्धशिशीच्या दवाखान्यात भर दुपारीही पडदे ओढलेले असतात. आम्हाला उजेड सोसत नाही. तिथली सिस्टर अत्तर लावत नाही, चपला वाजवत नाही.

परवा डॉक्टरीणबाईंपुढे मी तावातावाने बोलत होते. "ताप नाही, सूज नाही, म्हणून घरात कुणाला खरंच वाटत नाही हो! दिसत नाही ना दुखणं." त्या शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी गोळ्या नीट समजावून सांगितल्या.

बाहेर आल्यावर आठवलं, चष्मा आतच राहिला. दार ढकललं. डॉक्टरीणबाई टेबलाच्या गार काचेवर कपाळ टेकून, डोळे गच्च मिटून बसल्या होत्या.

"सकाळपासून डोकं उठलंय मॅडमचं," सिस्टर कुजबुजली. "त्यांनाही आहे ना अर्धशिशी."

सकाळपासून! म्हणजे मी बोलत होते तेव्हाही. हातभर अंतरावर. इतकी वर्षं हेच दुखणं काढलेली मी, आणि मलाही दिसलं नाही. आता घरच्यांवर कोणत्या तोंडाने रागावू?

चाहूल लागून त्यांनी मान वर केली. आवाज तोच, शांत. "काही राहिलं का?"

"नाही," म्हटलं, आणि चष्मा तिथेच ठेवून दार अजिबात न वाजवता लावून घेतलं.