कोणत्याही भीतीशिवाय

पनवेलच्या एका सरकारी कार्यालयाच्या आवारात, पत्र्याच्या शेडखाली बसून मी बावीस वर्षं अर्ज टाइप करतेय. लोक अर्ज घेऊन जातात आणि त्यामागची गोष्ट माझ्या टेबलावर सोडून जातात. अशा किती साठल्यात! घरी सांगायला लागले की मुलगी म्हणते, "आई, हे बाहेर कुठे बोलू नकोस हं." तरी तुम्हाला सांगते, पण जरा हळू आवाजात.

माझ्या शेजारच्या टेबलावर दळवी चाचा बसतात. उरणकडचे कोकणी मुसलमान. मराठी माझ्याहून शुद्ध. एकदा एक घरमालक त्यांच्याकडे भाडेकरार करायला आला. चाचा टाइप करत होते आणि हा सांगत होता, त्या लोकांना मी जागा देत नाही, एजंटलाही बजावून ठेवलंय. जाताना म्हणाला, "पाटीवर दळवी वाचलं आणि थेट तुमच्याकडे आलो. हल्ली आपला माणूस मिळतो कुठे?"

चाचांनी नुसती मान हलवली. तो गेल्यावर मी म्हटलं, "चाचा, सांगायचं ना त्याला."

चाचा म्हणाले, "आधी पाटीवर पूर्ण नाव होतं. पहिलं नाव मी गेल्या वर्षी पुसलं. तुमच्या लक्षात नाही आलं, ताई?"

नव्हतं आलं.

खारघरच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी ठराव टाइप करून घ्यायला आले होते. तिथल्या तीन मुसलमान कुटुंबांनी रमझानमध्ये संध्याकाळच्या नमाजासाठी क्लबहाऊस मागितलं होतं. मागे तिथे भजन झालेलं, म्हणून यांनी विचारलं. मीटिंगमध्ये नकार ठरला. आता यापुढे कुठलाच धार्मिक कार्यक्रम नको, असा ठराव.

"आणि गणपती?" मी विचारलं.

"तो सांस्कृतिक, मॅडम. आणि आम्ही दादागिरी केली नाही. रीतसर मतदान घेतलं, हात वर करून. सर्वानुमते मंजूर, असं लिहा."

"सर्वानुमते कसं? ती तीन घरं होती ना मीटिंगला?"

"होती की. सगळे त्यांच्याकडेच बघत होते. शेवटी त्यांनीही हात वर केले."

दोन धर्मांतली मुलं कोर्ट मॅरेज करतात, तेव्हा आमच्या इथल्या बोर्डावर नोटीस लागते. नाव, पत्ता, सगळं. आक्षेपासाठी तीस दिवस. एक गृहस्थ त्या नोटिशींचे मोबाइलवर फोटो काढायला यायचे. इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. न राहवून मी एकदा म्हटलं, "आक्षेप घ्यायचा असेल तर आत अर्ज द्यावा लागतो."

"आक्षेप कसला, ताई? मी फक्त मुलींच्या घरी कळवतो. आईबापांना माहीत नसतं बिचाऱ्यांना." मग मोबाइल खिशात ठेवत त्यांनी विचारलं, "तुमची मुलगी कुठल्या कॉलेजला आहे?"

त्या दिवशी मी तिला आणायला स्वतः कॉलेजच्या गेटवर गेले. ती चिडली. कारण काही मी सांगितलं नाही.

एक नर्सबाई धर्म बदलल्याचं प्रतिज्ञापत्र करायला आल्या. चाळिशीच्या, एकट्या. कुठून कुठे गेल्या ते सांगत नाही, ओळखू येतील. मजकूर आमच्याकडे तयारच असतो, तो मी वाचून दाखवला: "मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, कोणत्याही भीतीशिवाय..."

त्यांनी मला थांबवलं. "भीतीशिवाय हा शब्द काढता येईल का? शपथेवर सही करायची आहे. बाकी सगळं खरं आहे."

आणि हे शेवटचं. रजिस्टर लग्नाला तीन साक्षीदार लागतात. एका जोडप्याचे दोघेच आले. तिसरा मित्र गेटपर्यंत आला, तिथे उभी असलेली आठ-दहा माणसं बघितली आणि परत फिरला. मुलगी हिंदू, मुलगा मुसलमान. मुलगी शेडमध्ये आली. साधी सुती साडी, हातात आधार कार्डाची झेरॉक्स. "कोणी साक्षीदार व्हाल का? पाच मिनिटांचं काम आहे."

शेडमधली सगळी माणसं एकदम कामाला लागली. चाचा पुटपुटले, "मी गेलो तर तिलाच जड जाईल." ते खरं होतं. माझं काय? मी प्रिंटरमध्ये कागद भरला. कागद आधीच भरलेला होता.

माझ्यासमोर बाकावर विचुंब्याचे एक म्हातारे शेतकरी बसले होते. वारस नोंदीचा अर्ज टाइप व्हायची वाट बघत होते. कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ. त्यांनी विचारलं, "सईच करायची ना? आदार कार्ड हाय माज्याकं." आणि ते उठून तिच्यामागोमाग आत गेले.

अर्ध्या तासाने म्हातारबाबा बाहेर आले. नवरा-नवरी मागच्या दाराने रिक्षात बसून गेली होती. गेटवरची माणसं शेडमध्ये आली आणि बाबांच्या भोवती उभी राहिली. मी खुर्चीतून उठले, पण टेबलामागेच थांबले. त्यांच्यातला एकजण अगदी शांतपणे म्हणाला, "बाबा, मुलगी आपली होती. ठाऊक होतं का तुम्हाला?"

बाबांनी माझ्या टेबलावरून आपला अर्ज उचलला, चष्मा लावला आणि म्हणाले, "ठाव हाय. तिनंच बोलावलं मना."